घरचा एअर कॉम्प्रेसर: मोटर चालू राहते, पण काटा साडेतीन बारच्या पुढे सरकत नाही

खटपट्या (धागाकर्ता)

मशीन: २ एचपी, सिंगल फेज, डायरेक्ट ड्रिव्हन (पट्टा नाही), ऑइलवाला पंप, २५ लिटर टाकी. प्लेटवर ८ बार (हवेच्या दाबाचं एकक), २८५० आरपीएम, डिस्प्लेसमेंट २०६ लिटर प्रति मिनिट असं छापलंय. वापर लाकडावर स्प्रे, ब्रॅड नेलर आणि टायरमध्ये हवा.

तक्रार: मोटर न थांबता चालते, काटा साडेतीन बारपर्यंत येतो आणि तिथेच बसतो. तेल खिडकीतल्या लाल ठिपक्याच्या मध्यावर आहे. ड्रेन कॉक (टाकीच्या तळाची पाणी काढायची चावी) बंद आहे, आउटलेटला काही जोडलेलं नाही. मेकॅनिकचं म्हणणं, "रिंगा गेल्या, बोअर-पिस्टनचा सेट टाका." सेट घ्यायच्या आधी काय काय तपासावं?

तेलकट_हात

सेट घेऊ नका. हवा भरत नाही म्हटलं की रिंगांचं नाव घ्यायची पद्धतच पडली आहे. या जातीच्या पंपात रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या) आधी व्हॉल्व्हच्या पत्त्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे रीड), हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि एनआरव्ही (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जातात. रिंगा गेल्या तर त्या हळूहळू जातात आणि बरोबर तेल पितात. काल आठ बार भरत होता आणि आज साडेतीन, असं रिंगांमुळे सहसा होत नाही.

आधी एक गोष्ट नक्की करा: तुम्ही बघताय तो काटा टाकीचा आहे ना? रेग्युलेटरच्या (बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाच्या) पुढचा काटा बघितला आणि रेग्युलेटरची चावी सैल असली, तर टाकी भरलेली असूनही काटा खालीच दिसणार. तुमची मोटर थांबत नाही म्हणजे टाकी खरंच भरत नसावी, पण टाकीचा काटा अडकलेला असू शकतो. क्विक कपलरला (हवेचा पाइप जोडतो त्या तोंडाला) टायरचा गेज लावा, रेग्युलेटर पूर्ण उघडा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा.

जुळले, तर पाना हातात न घेता चार तपासण्या होतात.

पहिली, बंद मशीनची. साडेतीनवर आल्यावर प्रेशर स्विचच्या (ठरलेल्या दाबाला मोटर बंद-चालू करणाऱ्या डबीच्या) लाल नॉबने बंद करा, प्लग ओढून नको. दोन-तीन सेकंद "फस्स" होऊन आवाज थांबला पाहिजे. ती अनलोडरने (प्रेशर स्विचखालच्या छोट्या व्हॉल्व्हने) पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपमधली कोंडलेली हवा सोडलेली असते. तो फुसफुसाट थांबतच नसेल आणि काटा उतरत असेल, तर एनआरव्ही धरत नाही, टाकीची हवा उलटी येऊन अनलोडरमधून जातेय. फुसफुसाट थांबला पण काटा तरीही उतरतोय, तर गळती टाकीच्या बाजूला: ड्रेन कॉक, सेफ्टी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, कपलर किंवा खुद्द टाकी. साबणाचं पाणी लावून बघा. काटा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही, तर एनआरव्हीच्या पुढचं सगळं निर्दोष, दोष पंपाच्या बाजूला.

दुसरी, चालू मशीनची. प्रेशर स्विचखालच्या छोट्या अनलोडरला बोट लावा. मोटर चालू असताना तिथून हवा येता कामा नये. येत असेल तर अनलोडरची पिन अडकली आहे किंवा स्विचचा लिव्हर तिला मोकळं सोडत नाही. पंप जेवढं भरतो तेवढं तिथून जातं.

तिसरी, सक्शन फिल्टरपाशी. फिल्टर काढून भोकासमोर वहीच्या कागदाची पट्टी धरा. कागद आत ओढला जाऊन थरथरत राहिला तर ठीक. कागद बाहेर फेकला जात असेल किंवा आत-बाहेर फडफडत असेल, तर इनलेटची (हवा आत घेणारी) पत्ती गेली.

चौथी, ब्रीदरवर (पंपाच्या तेलाच्या पेटीला श्वास घ्यायला ठेवलेल्या भोकावर). एकाच पिस्टनचा पंप असल्याने ब्रीदरमधून हलकी धडधड येणारच, तिला घाबरू नका. पण सलग फुंकर येत असेल, तिच्यात तेलाचा धूर असेल आणि टाकीचं प्रेशर चढेल तशी ती वाढत असेल, तरच रिंगांचा संशय घ्या.

मापात_पाप_नाही

वरच्या यादीत घड्याळाची भर घालतो. मोबाइलचा स्टॉपवॉच लावून टाकी रिकामी असल्यापासून प्रत्येक बारला लागलेले सेकंद लिहा. २५ लिटरच्या टाकीत १ बार वाढवायला २५ लिटर मोकळी हवा लागते. म्हणून २५ ला सेकंदांनी भागून ६० ने गुणलं की पंप त्या क्षणी प्रत्यक्षात किती लिटर प्रति मिनिट देतोय ते कळतं.

प्लेटवरचे २०६ लिटर म्हणजे पिस्टन वर-खाली होताना पार करतो ती नुसती जागा. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. चांगल्या पंपाला ० ते १ बारला नऊ-दहा सेकंद लागावेत, ७ ते ८ ला साधारण पंधरा. पूर्ण टाकी पावणेदोन मिनिटांच्या आसपास.

आता साडेतीनवर थांबण्याबद्दल. तिथे काटा थांबला म्हणजे पंप देतो तेवढीच हवा कुठून तरी निघून जातेय. चार बारला १.५ मिमीच्या भोकातून मिनिटाला साधारण ८० ते १०० लिटर हवा जाते. एवढी हवा मशीनच्या बाहेर पडत असती तर शेजारच्या खोलीत शिट्टी ऐकू आली असती. शिट्टी नसेल तर हवा आतल्या आत फिरतेय: डिलिव्हरीकडून परत सिलिंडरमध्ये, किंवा सिलिंडरमधून परत फिल्टरकडे. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासण्यात दुपार घालवायची गरज नाही.

शेतावरून

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा कॉम्प्रेसर असाच मध्येच दम सोडतो. धागाकर्त्याचं तेच नसेल ना?

रिवाइंडर

दम सोडणं आणि काटा न चढणं हे दोन वेगळे आजार आहेत. इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवायचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर टॉर्क ६१ टक्के उरतो. अशी मोटर प्रेशर वाढलं की गुरगुरते, सावकाश होते, शेवटी अडकते आणि ओव्हरलोड उडतो. पण मोटर नेहमीच्या आवाजात फिरतेय म्हणजे तिचे फेरे फार पडलेले नाहीत. २८५० चे २७५० झाले तरी हवा साडेतीन टक्केच घटेल. खटपट्यांच्या मोटरचा आवाज बदललेला नसेल तर वायरिंगकडे बघू नका.

तुमच्या शेतावरच्या केसमध्ये मात्र एक्स्टेंशन बघा. २ एचपीची मोटर चालताना ९-१० अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. २० मीटर लांबीच्या, ०.७५ चौ. मिमी तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण १ ओहम. म्हणजे चालताना १० व्होल्ट आणि स्टार्टला ५०-६० व्होल्ट वायरीतच जिरतात. २.५ चौ. मिमी घेतली तर हेच नुकसान एक तृतीयांशावर येतं. त्याहून सोपं म्हणजे कॉम्प्रेसर सॉकेटजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या. गुंडाळलेल्या रीलवर कधीच चालवू नका, आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं.

कपॅसिटर मोजायचा असेल तर आधी बल्ब किंवा रेझिस्टर लावून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदला. कपॅसिटर गेल्याची खूण म्हणजे मोटर सुरू होताना नुसती हुंकारते.

आणि प्लग ओढून बंद करायची सवय सोडा. नॉबने बंद केलं तरच अनलोडर उघडतो. नाहीतर पुढच्या वेळी मोटरला पिस्टनवरच्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं, आणि कमी व्होल्टेजला ते तिला जमत नाही.

खटपट्या

आकडे घेतले. टायर गेज आणि टाकीचा काटा जुळतात.

० ते १ बार: १८ सेकंद
१ ते २: २५
२ ते ३: ४५
३ ते ३.५: ९० सेकंद, पुढे काही नाही

नॉबने बंद केल्यावर फस्स होऊन शांत. काटा पंधरा मिनिटं जागेवर. चालू असताना अनलोडर कोरडा. ब्रीदरवर हलकी धडधड, धूर नाही. फिल्टर काढून पट्टी धरली तर ती आत-बाहेर फडफडते, आणि तळहाताला फुंकरही जाणवते. फिल्टर काढून वेळ पुन्हा मोजली, फरक नाही. हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं.

मापात_पाप_नाही

म्हणजे सुरुवातीला ८३ लिटर प्रति मिनिट, मग ६०, मग ३३, आणि शेवटच्या अर्ध्या बारला जेमतेम ८. पहिल्याच बारला हवा निम्मी आहे हे बोलकं आहे. डिलिव्हरीची पत्ती किंवा हेडच्या पॅकिंगमधली मधली पट्टी गेली असती तर टाकी रिकामी असताना पंप जवळपास पूर्ण हवा देतो आणि मग झपाट्याने पडतो, कारण उलट फिरायला मागे दाब लागतो. इनलेटच्या पत्तीचा तुकडा उडाला असेल तर पहिल्या ठोक्यापासून नुकसान. फिल्टर चोंदल्यानेही पहिला बार मंदावतो, पण ते तुम्ही काढून बघितलंच आहे.

हा अंदाज आहे, पुरावा नाही. हेड उघडल्यावर दोन्ही बघा.

तेलकट_हात

पट्टी फडफडतेय म्हणजे इनलेट रीड. उघडा.

प्लग काढा. ड्रेन कॉक उघडून टाकी शून्यावर आणा आणि कॉक उघडाच ठेवा. हेड गार होऊ द्या, किमान तासभर. एका टप्प्यात आठ बारला दाबलेली हवा दीडशे अंशांच्या पुढे सहज जाते, आणि तुमच्याकडे तीच हवा परत परत दाबली जातेय.

डिलिव्हरी पाइपचा नट हेडच्या बाजूने सोडा. एनआरव्हीच्या बाजूचाही थोडा सैल करा, नाहीतर पाइप वाकतो. फिल्टर काढा. हेडचे बोल्ट या पंपांत बहुतेक एम८ असतात, त्यांना ६ मिमीची अॅलन की लागते. अॅलनच्या खाचेतला रंग आणि धूळ सुईने साफ करून की पूर्ण खाली बसवा, नाहीतर खाच गोल होते आणि मग अर्ध्या तासाचं काम दिवसावर जातं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी अर्धा फेरा, असे सैल करत जा.

हेड चिकटलं असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावरून हलकं ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा नव्या पॅकिंगलाही गळती देतो.

क्रम असा निघेल: हेड, वरचं पॅकिंग, व्हॉल्व्ह प्लेट, खालचं पॅकिंग, सिलिंडर. प्लेटच्या वरच्या अंगाला डिलिव्हरीची पत्ती आणि तिच्यावर वाकडा स्टॉपर, खालच्या अंगाला इनलेटची पत्ती. सोडायच्या आधी प्रत्येक थराचा फोटो घ्या. पत्त्यांची बाजू उलटी बसली तर पंप शून्य हवा देतो.

तिसरा_गियर

मध्येच विचारतो. ३ एचपी, थ्री फेज, पट्ट्याचा. जागा बदलल्यावर हवा भरायला वेळ लागतोय. फेज उलटा झाला असेल का?

तेलकट_हात

पिस्टनचा पंप उलटा फिरला तरी हवा भरतोच, पत्त्यांना दिशेशी देणंघेणं नसतं. पण पंख्याची पुली वारा सिलिंडरवर टाकायच्या ऐवजी ओढायला लागते आणि काही पंपांत तेल उडवणारा चमचा एकाच दिशेला नीट काम करतो. म्हणून पुलीवरचा बाण बघून दोन फेज अदलाबदल कराच, मात्र भरायला वेळ लागण्याचं कारण ते नाही.

जागा बदलताना मोटर सरकली असेल. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबा, १० ते १२ मिमी दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर प्रेशर चढल्यावर घसरतो, कडेला काळी पूड पडते आणि जळका वास येतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा.

पंप दोन टप्प्यांचा असेल तर इंटरकूलरचा (दोन टप्प्यांच्या मध्ये हवा गार करणाऱ्या भागाचा) सेफ्टी व्हॉल्व्ह ऐका. तो उडत असेल तर दोष हाय प्रेशर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. इंटरकूलरमधला दाबच कमी असेल तर लो प्रेशर बाजूला. हा वेगळा विषय आहे, आकड्यांसकट वेगळा धागा काढा.

खटपट्या

उघडलं. इनलेटच्या पत्तीचं टोक चंद्रकोरीसारखं तुटलंय, साधारण ४ मिमी, आणि तुटलेल्या कडेपासून मुळाकडे एक केसासारखी चीर गेली आहे. प्लेटवर पत्ती बसते ती गोल रेघ तीन बाजूंनी चकचकीत, तुटलेल्या बाजूला काळी. खालच्या पॅकिंगला काही नाही. वरच्या पॅकिंगची मधली पट्टी, सक्शन आणि डिलिव्हरीचे कप्पे वेगळे करणारी, एका जागी तपकिरी झाली आहे, पण तुटलेली नाही. डिलिव्हरीच्या पत्तीवर कोळशासारखा थर. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) चकचकीत, नखाला लागेल असा ओरखडा नाही.

तेलकट_हात

तुटलेला तुकडा कुठे आहे? तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. पिस्टन हाताने फिरवून वर आणा, माथ्यावर ठोकल्याच्या खुणा आहेत का बघा. मग हेडचा डिलिव्हरी कप्पा, डिलिव्हरीची पत्ती आणि स्टॉपर यांच्यामधली फट, डिलिव्हरी पाइप आणि शेवटी एनआरव्ही. तुकडा एनआरव्हीच्या रबराखाली जाऊन बसला तर आज चांगला असलेला एनआरव्ही पुढच्या आठवड्यात धागा काढायला लावेल.

खटपट्या

सापडला. डिलिव्हरी स्टॉपरच्या खाली, काजळीत रुतलेला. पिस्टनच्या माथ्यावर दोन बारीक खड्डे आहेत, कडेला नाहीत.

तेलकट_हात

माथ्यावरचे बारीक खड्डे चालतील. त्यांची उचललेली कड तेवढी बारीक कागदाने मोडा, बोअरमध्ये चिंधी भरून, म्हणजे पूड खाली जाणार नाही.

आता दोन्ही पत्त्या आणि दोन्ही पॅकिंग नवीन घ्या. एकच पत्ती बदलू नका, दुसरीनेही तेवढेच ठोके खाल्लेले आहेत. व्हॉल्व्ह प्लेट पूर्ण असेंब्ली मिळाली तर तीच उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात नाना पेठेकडे चौकशी करा, पण मॉडेलच्या नावावर विसंबू नका. दिसायला सारख्या पंपांत बोल्टची अंतरं दोन-तीन मिमीने वेगळी असतात. जुनी प्लेट आणि पॅकिंग पिशवीत घालून न्या आणि दुकानातच एकावर एक ठेवून बघा.

प्लेट तीच वापरणार असाल तर बैठक (पत्ती टेकते ती जागा) घासून घ्या. जाड काच सपाट ठेवा, तिच्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर, दोन थेंब तेल, आणि प्लेट इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. काळी बाजू आणि चकचकीत बाजू एकसारख्या राखाडी झाल्या की थांबा. मग धुऊन पत्ती बसवा, पत्ती खाली येईल अशी प्लेट धरून पत्तीच्या मागच्या भोकात केरोसीनचे थेंब सोडा. पाच मिनिटांत खाली ओल आली नाही तर बैठक झाली. पेट्रोल वापरू नका. केरोसीन पूर्ण पुसून, हवेत सुकवूनच जोडा. हेडमधल्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते. याच कारणाने चालू कॉम्प्रेसरच्या सक्शनमध्ये गंज काढायचा स्प्रे मारणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मारू नका.

गंजपत्रा

पॅकिंग मिळत नसेल तर १ मिमीचा शीट आणून कापलेला चालतो. वरून थोडा सिलिकॉन लावायचा.

मापात_पाप_नाही

चालतो म्हणजे मशीन चालतं, हवा कमी मिळते. ४७ मिमी बोअरचा हा पंप धरला तर पॅकिंग मूळपेक्षा १ मिमी जाड झाल्यावर पिस्टनच्या डोक्यावर सुमारे १.७ घन सेमी जागा वाढते. स्ट्रोकचं आकारमान ७२ घन सेमी आहे, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. मूळची मृत जागा ५ टक्के मानली तर आठ बारला मिळणारी हवा साधारण १४ टक्क्यांनी घटते, कारण त्या कोपऱ्यात उरलेली दाबलेली हवा आधी फुगते आणि मगच नवी आत येते. उलट, मूळपेक्षा पातळ पॅकिंग लावलं तर पिस्टन पत्तीवर आपटतो. जुन्या पॅकिंगची जाडी दबलेल्या भागात कॅलिपरने मोजा आणि नवीन घेताना दबल्यावर तेवढीच होईल अशी निवडा.

सिलिकॉन तर नकोच. बोल्ट आवळल्यावर ते आत पिळून निघतं, सुकून त्याचे दोरे होतात आणि डिलिव्हरीच्या पत्तीखाली अडकतात.

तेलकट_हात

सिलिकॉनबद्दल +१. जाडीबद्दल अर्धं सहमत. स्प्रे गनला आठ बार लागतच नाहीत, दोन-तीन बारवर काम होतं. अडचणीत शीट कापून आठवडा काढायला हरकत नाही, फक्त मधली पट्टी ५ मिमीपेक्षा अरुंद कापू नका. पहिली तीच जळते.

जोडताना: बोल्टचे आटे कोरडे आणि साफ. आधी सगळे हाताने, मग तिरक्या क्रमाने तीन फेऱ्या: ८, १५, २० न्यूटन-मीटर. अॅल्युमिनियममधल्या एम८ ला एवढं पुरतं, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच नसेल तर अॅलन कीला पाइप चढवून जोर लावू नका, आटे निघून येतात. पहिल्यांदा टाकी भरली की बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच क्रमाने पुन्हा २० वर तपासा. पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं, त्यामुळे एखादा बोल्ट हमखास सैल सापडतो.

डिलिव्हरी पाइपच्या फेरूलवर (नटच्या आत दाबल्या जाणाऱ्या कडीवर) टेफ्लॉन टेप लावायचा नाही, तो सांधा धातूवर धातू बसतो. टेप फक्त निमुळत्या आट्यांवर, आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे, पहिला आटा मोकळा सोडून.

सायलेंटवाला

पाऊण एचपी ऑइल-फ्री, दोन पिस्टनचा. दोन बारवर थांबतो. कागद आत ओढला जातोय, फडफडत नाही, पण ओढ नावालाच. हेच सगळं लागू होतं का?

तेलकट_हात

मोजणी तीच, संशयित वेगळा. ऑइल-फ्रीमध्ये रिंगांऐवजी पिस्टनच्या डोक्यावर टेफ्लॉनचा कप असतो. तो झिजला की कागद फडफडत नाही, नुसती ओढ कमी होते. हेड आणि स्लीव्ह (सिलिंडरची नळी) काढा, कपची कड बघा. कड धारदार पातळ झाली असेल किंवा स्लीव्हच्या आत काळी पूड साठली असेल तर कप बदला. नवीन कपची कड हेडच्या बाजूला वर वळलेली हवी. स्लीव्हला नखाला लागणारी रेघ असेल तर स्लीव्हही बदला, नाहीतर नवा कप ती रेघच खाऊन टाकेल. तिथे तेलाचा थेंबही घालू नका, टेफ्लॉनची पूड आणि तेल मिळून खरडणारा लेप होतो. दोन पिस्टनपैकी एकच गेलेला असणं शक्य आहे: दोन्ही हेडची सक्शनची भोकं आळीपाळीने बोटाने बंद करा. ज्याने मोटरचा आवाज बदलत नाही, तो पिस्टन गेलेला.

खटपट्या

पत्त्या आणि पॅकिंग बदलून जोडलं. आकडे:

० ते १: १० सेकंद
१ ते ४: ३६
४ ते ८: ५७

एकूण १ मिनिट ४३ सेकंद. आठ बारला कट-ऑफ, सहाला पुन्हा सुरू. गार झाल्यावर बोल्ट तपासले, एक पाव फेरा सैल होता.

पत्ती का तुटली, याचं कारण कुणी सांगेल का? दुसरं, ड्रेन कॉक उघडल्यावर बरंच तांबूस पाणी निघालं.

तेलकट_हात

डिलिव्हरीच्या पत्तीवरचा कोळशाचा थर हेच उत्तर वाटतं. काजळीमुळे ती पत्ती नीट बसत नाही, गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते आणि खालच्या पत्तीला प्रत्येक फेऱ्यात तापलेली, दाबलेली हवा सोसावी लागते. मिनिटाला २८५० ठोके. काजळी कुठून आली, तर तेलातून. इंजिनचं मल्टिग्रेड तेल घातलं असेल तर काढून टाका, कॉम्प्रेसरचं व्हीजी १०० (तेलाच्या घट्टपणाचा नंबर) घाला. लाल ठिपक्याच्या वर भरू नका, जास्तीचं तेल रिंगांवरून वर जाऊन हेडमध्येच जळतं. आणि हे पंप सलग चालायला बनवलेले नाहीत. दहा मिनिटांत पाच-सहा मिनिटं चाललं की त्याला पुरे. साडेतीनवर अडकून तासभर चाललेला पंप स्वतःला भाजून घेतो.

मापात_पाप_नाही

पाण्याचं गणित सोपं आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमट हवेत घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. टाकी एकदा भरायला २०० लिटर हवा ओढली जाते, म्हणजे जवळपास ५ ग्रॅम पाणी. दाबून गार झालेल्या २५ लिटरमध्ये त्यातलं एक ग्रॅमही वाफ म्हणून राहत नाही. प्रत्येक भरणीला सुमारे ४ मिलि पाणी तळाला. कोकणात पावसाळ्यात दिवसभर स्प्रे केला तर पाव लिटर सहज. पाण्यामुळे भरायला वेळ लागतो असं बरेच जण म्हणतात, ते उलटं आहे. पाण्याने जागा अडवल्यावर टाकी लवकर भरते आणि लवकर रिकामी होते.

गंजपत्रा

तांबूस पाणी म्हणजे आतून गंज. माझ्या टाकीला तळाशी टाचणीएवढं भोक पडलंय, पाचच्या वर बुडबुडे येतात. गॅस वेल्डिंगने बुजवून देणारा आहे. की एम-सील लावू?

तेलकट_हात

दोन्ही नाही. भोक पडलं तिथला पत्रा सगळीकडून कागदाएवढा झालेला असतो, भोक ही फक्त सर्वात पातळ जागा. वेल्डिंग केलं तर टाका धरतो आणि त्याच्या शेजारचा पत्रा फाटतो. अशी टाकी चालवायची नाही. पंप आणि मोटर चांगली असेल तर ती नव्या टाकीवर चढवा, जुन्या टाकीला ड्रिलने मोठं भोक पाडून भंगारात द्या, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही.

खटपट्या, तुमच्या टाकीची चाचणी घ्यायची असेल तर ती पाण्याने भरून, हातपंपाने दाब देऊन करतात, हवेने कधीच नाही. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी गळून दाब उतरतो. हवेची टाकी फुटते. प्रेशर व्हेसलचं काम करणाऱ्याकडे ही सोय असते.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी टाकीत चार-पाच बार असताना ओढून बघा. हवा सुटली आणि कडी सोडल्यावर घट्ट बंद झाला तर ठीक. गळत राहिला तर बदला, स्प्रिंग आवळून गळती थांबवायची नाही.

खटपट्या

कडी ओढली, सुटतो आणि बंद होतो. तेल व्हीजी १०० घातलं. जुनं तेल काळं आणि पातळ निघालं, आत धातूची पूड नाही. कट-इन (मोटर पुन्हा सुरू होते तो दाब) सहाऐवजी पाचवर आणला तर मोटर कमी वेळा सुरू होईल का?

रिवाइंडर

होईल. ६ ते ८ मध्ये ५० लिटर हवा मिळते, ५ ते ८ मध्ये ७५. पण नेलरला किती लागतं ते आधी बघा, बहुतेक ब्रॅड नेलर पाच-सहा बारवर चालतात आणि पाचला काहींचा खिळा डोकं वर ठेवून थांबतो. प्रेशर स्विचमध्ये दोन स्क्रू असतील तर लहान स्क्रू कट-ऑफ आणि कट-इनमधल्या फरकाचा असतो. तोच फिरवा, एका वेळी अर्धा फेरा, प्लग काढून. मोठा स्क्रू कट-ऑफ हलवतो. त्याला हात लावलात तर पुढची भरणी काट्यावर नजर ठेवूनच करा, आठच्या वर गेला तर लगेच नॉब बंद.